सात खडे आणि हार्टलोचा झरा

ग्लॅस्टनबरी,
११ एप्रिल १९९६

ती. म्युरिएल आत्यास,
डंकनचा शि. सा. न. वि. वि.

तू विणून पाठवलेले मोजे पोचले. दोन्ही एकाच मापाचे आहेत, याबद्दल विशेष आभार. गेल्या वेळच्या जोडीबद्दल मी मुद्दामच काही लिहिले नव्हते.

बाबांच्या पत्रावरून कळले की झऱ्याच्या सजावटीचे, म्हणजे फळ्यांवर पाकळ्यांनी भरायचे, चित्र तू यंदा अजून काढलेले नाहीस. सव्वीस वर्षे हार्टलोच्या झऱ्यावर तुझेच चित्र लागते आहे आणि दर वर्षी ते ईस्टरला कागदावर तयार असते. यंदा ईस्टर होऊन चार दिवस झाले. बाबा म्हणतात की तू कोऱ्या कागदासमोर तासभर बसतेस, मग उठून केक करतेस, आणि आता शेजारी केक नको म्हणू लागले आहेत. सजावट समितीचे अध्यक्ष झाल्यापासून डेस्मंड ट्विग पूर्वी बसमध्ये तिकिटे तपासायचे तसेच गाव तपासतात, हे मला ठाऊक आहे. पण मेअखेर चित्र आले नाही तर काम दुसऱ्या कुणाला देऊ, असे ते सगळ्यांदेखत म्हणाले, हे वाचून मला दोन रात्री झोप लागली नाही. अर्नेस्ट आतोबा गेल्यानंतरचा हा पहिलाच उन्हाळा. यंदा तरी डेस्मंडनी थोडे थांबायला हवे होते.

मी शाळा सोळाव्या वर्षी सोडली, तेव्हा सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. पण या खड्यांच्या दुकानात लागून सहा महिने झाले, आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या मीच लिहितो, त्यामुळे थोडीफार माहिती झाली आहे. दुकानाच्या मालकीणबाई सेलेस्टिन (त्यांचे खरे नाव ब्रेंडा, पण ते दुकानात उच्चारायचे नसते) सांगतात की माणसाला सुचेनासे होते तेव्हा त्याच्या सात चक्रांचा तोल गेलेला असतो. म्हणून सोबत सात खडे पाठवत आहे. तांबडा मूलाधारासाठी, पिवळा मणिपुरासाठी, गुलाबी हृदयाशी, निळा गळ्यावर, जांभळा भुवयांच्या मध्ये, पांढरा डोक्याशी. सर्वांत महत्त्वाचा नारिंगी. तो बेंबीखाली दोन बोटांवर, स्वाधिष्ठानावर ठेवायचा, कारण नवे काही सुचण्याची जागा तीच.

आधी गार पाण्यात धुणे, उताणे झोपणे, डोळ्यांवर स्वच्छ रुमाल, वीस मिनिटे, आणि कोणत्याही कारणाने मध्येच न उठणे. बाकीच्या सूचना वेगळ्या चार पानांवर लिहिल्या आहेत. चित्रही काढले आहे, पण मला माणूस नीट काढता येत नाही.

कळावे. तुझी माया आहे तेवढीच राहिली तरी मला पुरते.
तुझा,
डंकन


हार्टलो, डर्बीशर,
१९ एप्रिल

चि. डंकन यास,
म्युरिएल आत्याचे अ. उ. आ.

पुडकं मिळालं. पोस्टमन रॉनने ते दारात आदळलं आणि आत काय आहे विचारलं. दगड आहेत म्हटल्यावर तो भिंतीला टेकून हसत बसला. या गावाने तीनशे वर्षं खाणीतून दगड काढून इंग्लंडभर पाठवला; बाहेरून दगड मागवणारी मीच पहिली, असं तो म्हणाला. दुपारपर्यंत हे चहाच्या दुकानात पोचलेलं होतं.

तुझ्या सूचनांप्रमाणे पुढच्या खोलीत गालिच्यावर झोपले. तांबडा खडा नक्की कुठे ठेवायचा ते कळलं नाही. तुझ्या चित्रात ती जागा तू इतक्या संकोचाने काढली आहेस की मला ते टेबल वाटलं. शेवटी मी तो पायाशी ठेवला. पिवळा खडा दर श्वासाला घरंगळतो, कारण तुझ्या आत्याचा त्या भागात आता डोंगर झाला आहे. पहिल्या दिवशी मी दोन मिनिटांत घोरायला लागले. दुसऱ्या दिवशी सोफ्याखाली बघत पडले, तर तिथे तीन वर्षांपूर्वीच्या सजावटीतली आल्डरच्या झाडाची बोंडं सापडली.

उठून कागद घेतला. चहाची किटली काढली. चांगली आली, पण झऱ्यावर किटली लावता येत नाही. पाद्रीबाई नव्या आहेत, त्या कदाचित चालवून घेतील. डेस्मंड घेणार नाही. चित्र बायबलातलंच पाहिजे आणि भरायला निसर्गातली वस्तूच पाहिजे, हे तो भेटेल त्याला सांगतो, जणू मी हे गेल्या आठवड्यात शिकले.

तू जेवतोस ना नीट? तुझी ती ब्रेंडाबाई नुसती मोड आलेली कडधान्यं खाते असं तुझी आई म्हणत होती. वर्षभर ते खाऊन कुणाला काही सुचेल, असं मला वाटत नाही.

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहायला नकोत.
तुझी,
आत्या


ग्लॅस्टनबरी,
२४ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तांबडा खडा पायाशी ठेवलेला चालतो. मी सेलेस्टिनना विचारून खात्री करून घेतली. चित्राबद्दल क्षमस्व. पिवळ्याखाली घडी केलेला रुमाल ठेवून पाहावा. झोप लागल्यास ती वीस मिनिटांत धरू नये.

मी किटलीचेही सांगितले. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या की अडथळा नारिंगी खड्याच्या जागी नसून गुलाबी खड्याच्या जागी, म्हणजे हृदयाशी आहे, आणि तिथे वीस नव्हे तर चाळीस मिनिटे लागतील. मग त्या म्हणाल्या की हे दुःख आहे. हे तुला लिहावे की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. त्या हे येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगतात; काल सुटे पैसे मागायला आलेल्या गृहस्थांनाही सांगितले आणि ते रडले. तरीही विचारतो. आतोबांची आठवण फार येते का? उत्तर द्यायचे नसल्यास खड्यांबद्दल लिही.

मुदतीला पाच आठवडे आणि दोन दिवस उरले आहेत.

लोभ कमी होईल असे मी काही विचारले असल्यास ते वाचले नाही असे समजावे.
तुझा,
डंकन


हार्टलो,
८ मे

चि. डंकन यास,
अ. उ. आ.

खड्यांबद्दल लिहिते.

काल दुपारी तुझ्या आज्ञेप्रमाणे चाळीस मिनिटांसाठी आडवी झाले. अंगात चांगला स्वेटर होता, कारण नंतर बाजारात जायचं होतं. हात सरळ, डोळ्यांवर रुमाल, अंगावर खडे. पंधरा मिनिटांनी खिडकीवर टकटक झाली. मध्येच उठायचं नाही असं तू दोनदा खाली रेघ मारून लिहिलं आहेस, म्हणून मी हलले नाही. परत टकटक. मी श्वासही हळू केला, म्हणजे जो कोण असेल तो जाईल. तो गेला.

तो डेस्मंड होता. मुदतीची आठवण करून द्यायला आला होता. काचेतून त्याला दिसली हात सरळ करून, तोंडावर कापड टाकून पडलेली बाई, आणि तिच्या अंगावर दगड. त्याला वाटलं, मी गेले, आणि जाताना काहीतरी ब्रेंडापंथी विधी करून गेले. निवृत्त झाल्यापासून तो माणूस कधी धावला नव्हता. काल तो टेकडी उतरून गावच्या सभागृहापर्यंत धावला. तिथे फळ्यांच्या डागडुजीसाठी समिती जमलेली होती.

चाळीस मिनिटं पुरी करून मी उठले, चहा टाकला, आणि दार वाजलं. बाहेर पाद्रीबाई प्रार्थनेचं पुस्तक घेऊन आणि त्यांच्यामागे डॉक्टर. पाद्रीबाईंनी मला बघून पुस्तक पाठीमागे लपवलं आणि हवा छान आहे म्हणाल्या.

सगळा प्रकार कळल्यावर मी तशीच सभागृहात गेले. खरं सांगते, गंमत वाटत होती. आत बायका रडत होत्या. मिनिटभर उभं राहून शांतता पाळून झाली होती. कुणीतरी हॅमची सँडविचं कापून आणली होती. आणि फळ्यावर डेस्मंडच्या अक्षरात खडूने लिहिलेलं होतं: चित्र, ट्रेसी. विषय, डॉल्फिन.

ट्रेसी म्हणजे डेस्मंडची सून. कुंड्यांवर बेडूक रंगवते ती. मुलगी चांगली आहे. पण डंकन, मला जाऊन पाऊण तास झाला होता. सव्वीस वर्षं, आणि पाऊण तास. आणि आपल्या गावापासून समुद्र कुठल्याही दिशेला तीन तासांवर आहे.

मला बघून डेस्मंड खुर्चीत बसला आणि म्हणाला, "म्युरिएल, तू असं करायला नको होतंस." बशीतलं एक सँडविच उचललं आणि खात खात घरी आले. माझ्या स्वतःच्या दुखवट्याचं सँडविच खाणारी मी या जिल्ह्यात एकटीच असेन. मोहरी जास्त झाली होती.

घरी आले ती कोट न काढता टेबलाशी बसले. बायबलात ती बारा वर्षांची मुलगी आहे बघ. गेली म्हणून सगळं घर रडत असतं, बासरीवाले येऊन बसलेले असतात, आणि येशू तिचा हात धरून तिला उठवतो. दोन तासांत सगळं कागदावर आलं. पुढच्या रांगेत रडणाऱ्यांचे चेहरे आपोआप समितीचे झाले. बासरीवाला डेस्मंड.

तुझे खडे लागू पडले म्हणायचे.

तब्येतीला जप. मी जिवंत आहे हे आईबाबांना कळव, त्यांच्याकडे वेगळी बातमी गेली असेल.
तुझी,
आत्या


ग्लॅस्टनबरी,
१४ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मी चार वेळा वाचले. चित्र झाले याचा इतका आनंद झाला की दुकानात मोठ्याने सांगितले. आणि आता जे लिहायचे आहे ते लिहिताना हात जड झाला आहे.

शनिवारी मी खड्यांचे डबे पुसत होतो. जुन्या चिठ्ठ्यांचा डिंक निघेना, म्हणून सेलेस्टिनच्या नखांचा रंग काढायच्या औषधात कापूस बुडवला. तो चुकून एका नारिंगी खड्याला लागला. कापूस नारिंगी झाला. मी दुसरा खडा पुसला, तिसरा पुसला. अख्ख्या डब्यातले खडे राखाडी निघाले. तो साधा अकीक आहे, रंगवलेला. तुला पाठवलेला याच डब्यातला होता. स्वाधिष्ठानावर ठेवायचा तो. नेमका तोच.

मी लगेच डब्यावरची चिठ्ठी बदलून "अकीक, रंगवलेला" अशी लिहिली. सेलेस्टिननी कपाळाला हात लावला. त्यांना स्वतःलाही हे ठाऊक नव्हते, आणि त्या बराच वेळ आतल्या खोलीत बसून होत्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या की माझे गळ्याचे चक्र गरजेपेक्षा जास्त उघडले आहे, आणि चिठ्ठी तशीच ठेवायची की नाही ते त्या ठरवतील.

पण मला काळजी तुझी आहे. ज्या खड्याच्या भरवशावर तू चित्र काढलेस तो खोटा निघाला. चित्र समितीपुढे मांडताना खड्यांमुळे सुचले असे तू सांगितले असल्यास, तेवढे वाक्य मागे घ्यावे. त्यावरून कुणी हरकत घेतल्यास दोष माझा आहे, असे मी लेखी देतो. कृपया तो खडा पोटावर ठेवणे थांबव. रंग कशाचा आहे ते माहीत नाही, आणि तुझी त्वचा नाजूक आहे असे आई म्हणते.

माझ्यावरचा विश्वास उरला असेल तितका जपून ठेव.
अपराधी,
डंकन


हार्टलो,
२२ मे

चि. डंकन यास,
अ. उ. आ.

अरे, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू गार पाण्यात धुवायला सांगितलंस, मी धुतला, आणि वाडग्यातलं पाणी चहासारखं झालं. रुमाल अजून नारिंगी आहे. पण तू चार पानं सूचना लिहिल्यास, दोन्ही बाजूंनी समास सोडून, एकही खाडाखोड नाही. एवढ्या कष्टावर पाणी ओतायचं माझ्या जिवावर आलं. तो खडा मी खिडकीत ठेवून दिला आणि बाकीच्या सहांवर भागवलं. तेव्हा माझ्या चित्राला त्याचा काही उपद्रव नाही. तू लेखी देऊ नकोस.

काल समितीपुढे चित्र ठेवलं. डेस्मंडने चष्मा पुसला, परत घातला, आणि बासरीवाल्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता संपलं. तर तो म्हणाला की बासरीवाला खांबामागे फार झाकला जातोय, त्याला जरा पुढे घेता येईल का. ट्रेसीने माझा हात धरला आणि डॉल्फिनला घाई नाही म्हणाली. एकमताने मंजूर.

आता तू महिन्यापूर्वी जे विचारलं होतंस त्याचं उत्तर. पत्र फिरवून फिरवून वाचलं होतं मी ते.

मला सुचत नाही असं मी सगळ्या गावाला सांगितलं. ते खरं नव्हतं. सुचत होतं, रोज. कागदावर उतरवलं की तो कुणाच्या हातात द्यायचा, ते सुचत नव्हतं. फळ्यांवर ओली माती थापली की माझा कागद तिच्यावर पसरून अर्नेस्ट सुईने टोचायचे. बुचात खोचलेली त्यांची एकच सुई, सव्वीस वर्षं. माझ्या प्रत्येक रेघेवर भोकाला लागून भोक, हजारो. कागद उचलला की मातीत सगळं चित्र ठिपक्यांनी उमटलेलं असायचं आणि मग गाव पाकळ्या भरायला बसायचं. पाहणाऱ्यांना पाकळ्या दिसतात. ठिपके फक्त आम्हा दोघांना दिसायचे. मी कागद त्यांच्या हातात दिला की ते आधी नुसते बघायचे आणि "हं" म्हणायचे. चांगलं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. ते "हं" ऐकायला मी काढत होते की काय, असं आता वाटतं.

राग आला म्हणून चित्र होऊन बसलं. आता कागद टेबलावर आहे आणि टोचायला माणूस नाही. मी स्वतः वर्तमानपत्रावर करून पाहिलं, हात थरथरतो. डेस्मंड तयार आहे, पण तो तिकीट टोचल्यासारखा टोचेल. फळ्या चोवीस जूनला, सोमवारी, भरायच्या. माती त्याच दिवशी टोचावी लागते, नाहीतर कोरडी पडते.

ज्या मुलाला मोजे पट्टीने मोजून बघितल्याशिवाय चैन पडत नाही (तू लिहिलं नाहीस तरी मला माहीत आहे), त्याने यावं.

वाट बघते.
तुझी,
आत्या


ग्लॅस्टनबरी,
२७ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

येतो. बावीस जूनच्या दुपारी डर्बीला उतरेन.

सेलेस्टिननी दहा दिवसांची रजा दिली. चिठ्ठीही राहू दिली. गंमत म्हणजे "रंगवलेला" असे वाचून लोक तेच खडे जास्त नेऊ लागले आहेत. खरे बोलणारे दुकान म्हणतात. त्यावर त्या म्हणाल्या की हेच त्या पहिल्यापासून सांगत होत्या.

मी येथे पुठ्ठ्यावर सराव सुरू केला आहे. दोन भोकांत अंतर किती असावे? मी दोन सुतांइतके, म्हणजे पाव इंच, धरले आहे, पण चेहऱ्यांना ते जास्त होईल असे वाटते. सुई उभी धरावी की तिरकी? चूक झाल्यास माती बोटाने सारखी करता येते का, आणि ते कुणाला दिसते का? टोचताना खोलीत किती माणसे असतील? डेस्मंड असल्यास त्यांना माझ्या मागे उभे राहू नका असे सांगणारे कुणी आहे का?

आणि एक. तू कागद माझ्या हातात देशील तेव्हा मी काही म्हणायचे का? मला वाटते, म्हणू नये. ती जागा त्यांची आहे.

भेटीअंती बाकीचे. लोभ तोवर बरोबर घेऊन येतो.
तुझा,
डंकन


हार्टलो,
९ जुलै

चि. डंकन यास,
अ. उ. आ.

तुझं घाबरलेलं कार्ड मिळालं. अर्नेस्टची सुई कोटाच्या खिशातून ग्लॅस्टनबरीला गेली, त्यात आकाश कोसळलेलं नाही. विम्याच्या पाकिटातून पाठवतोस म्हणालास, तसं काही करू नकोस. तिला गंजू देऊ नकोस, एवढंच. पुढच्या जूनपर्यंत मला तिची गरज नाही, आणि जूनमध्ये तू असशीलच.

माती वाळून तडकली आणि शनिवारी फळ्या उतरवल्या. आठ दिवस चित्र टिकलं. पाऊस दोनदा आला, पण पाकळ्या खालून वर कौलांसारख्या लावल्या होत्या, पाणी निथळून गेलं. शेफील्डहून बसा भरून माणसं आली. डेस्मंड रोज दहा वाजल्यापासून झऱ्याशी उभा असायचा, आणि बासरीवाल्याच्या बाजूलाच उभा असायचा, म्हणजे कुणाच्या लक्षात यायचं राहू नये. शेवाळाच्या मिशा त्याला फार शोभतात असं त्याची बायको म्हणते.

तू गेलास तेव्हा बसच्या गडबडीत एक बोलायचं राहिलं. तू नऊ तासांत सगळं टोचलंस, चहा नको म्हणालास, आणि कागद उचलला तेव्हा एकही रेघ सुटलेली नव्हती. फक्त मुलीचे डोळे तेवढे नव्हते, कारण मी ते काढलेच नव्हते. मिटलेले काढायचे की उघडे, ते माझं ठरत नव्हतं. दुसऱ्या कुणी अंदाजाने काहीतरी टोचून टाकलं असतं. तू ती जागा कोरी ठेवलीस, ओलं फडकं टाकून ठेवलंस, आणि कुणाला काही बोलला नाहीस. बुधवारपर्यंत सगळं चित्र पाकळ्यांनी भरत आलं आणि मधोमध ते फडकं तसंच. ट्रेसीने दोनदा विचारलं. तू म्हणालास, ते आत्याकडे आहे.

मग तू सगळ्यांना चहाला नेलंस. डेस्मंडलासुद्धा, ते कसं जमवलंस देव जाणे. मी सुई घेतली. कागद नव्हता, रेघ नव्हती. थेट मातीत डोळे टोचले. उघडे. पूर्वी मी काढायचे आणि ते टोचायचे. या वेळी काढणंही तेच आणि टोचणंही तेच, माझ्या या थरथरत्या हाताने.

तू परत आलास, वाकून बघितलंस, आणि पट्टी काढलीस. डावा डोळा दोन टोचे खाली गेलाय आत्या, असं तू म्हणालास, सारखा करू का. मी नको म्हटलं. तुला ते रात्रभर खुपलं असणार, मला माहीत आहे.

आठ दिवस मी रोज झऱ्यावर जात होते, माणसं काय बोलतात ते ऐकायला. सगळ्यांचं एकच. ही मुलगी आत्ता या क्षणी जागी झालीय, एक डोळा अजून पुरता उघडायचा आहे. पाद्रीबाईंनी त्यावर रविवारी प्रवचन दिलं. शेफील्डच्या एका बाईंनी डेस्मंडला विचारलं की हे कसं साधलं. त्याने छाती काढून सांगितलं की डावा डोळा दोन टोचे खाली घ्यायचा ही हार्टलोची फार जुनी पद्धत आहे, आजोबा-पणजोबांपासूनची.

मी शेजारीच उभी होते. हो म्हणून मान हलवली. तुला कुणी विचारलं तर तूही हलव.

इकडची माया तुझ्या वाटणीची बाजूला काढून ठेवली आहे, येशील तेव्हा ने.
तुझी,
म्युरिएल आत्या